दुपारचं खाद्य

मी सापाला भीत नाय, पण गेल्या उन्हाळ्यात दुपारच्या वेळी कोंबड्यांच्या शेडचं दार उघडायला माझा हात धजायचा नाय.

पिल्लं मागवली होती गावरान वळणाची, हळू वाढणारी. आली ती सरमिसळ. रंगानं सगळीच तांबूस, त्यामुळं आधी कळलंच नाय. पंधरवड्यात मात्र निम्मी पिल्लं भलतीच फुगली. पाय जाड, छाती रुंद, अंगावर पिसं कमी, आणि खाद्याच्या भांड्यापाशी बूड टेकून बसलेली. बाकीची आपली भुसा उकरत हुंदडायची. म्हटलं, घ्या! यांच्यात झटपट फुगणाऱ्या बॉयलर कोंबडीचं रक्त आहे. मधे जाळी मारून दोन्ही वेगळी केली.

पुढं एका दुपारी त्यातलं एक जड कोंबडं माझ्यासमोर फडफडलं आणि पाय वर करून उताणं पडलं. ना रोग, ना जखम. जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "यांचं अंग वाढतं, काळीज पुरत नाही. ऊन चढायच्या आत खाद्य उचला, उतरल्यावर द्या. भरल्या पोटी या उन्हात टिकणार नाहीत."

तेव्हापासून माझा जीव टांगणीला. नवरा शेंद्र्याला कंपनीत कामाला. त्यांनी बजावलं होतं, "ही बॅच गेली तर शेडचे पत्रे काढून विकीन." शेड माझी होती, माझ्या हट्टानं उभी राहिलेली. ते नुसतं बोलत नाहीत, करतात.

आणि घरात आत्या. म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांच्या राज्यात मांजरसुद्धा उपाशी निजत नाय. मी भांडी उचलायला लागले की त्या दारात हजर. "मुक्या जिवांना उपाशी ठेवतीस? कुठं फेडशील हे पाप?" सांगून सांगून माझं तोंड दुखलं. "व्हय गं, कळलं," म्हणायच्या, आणि मी पाठ फिरवली की पदराखालनं मूठभर दाणे आत.

ऐन वैशाखात गंगापूरची मावशी गेली. जाणं भाग होतं. निघताना आत्यांचे पाय धरले. "आत्या, ऊन उतरेपर्यंत एक दाणा टाकू नका. माझी शपथ आहे तुम्हाला."

"बरं बाई, जा तू," म्हणाल्या.

तिथं रडणाऱ्या बायकांत बसले, पण सांगायला लाज वाटते, माझं सगळं ध्यान कोंबड्यांत. पत्रा तापायची वेळ झाली तसा आत्यांना फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. मिळाली त्या जीपमधे शिरले. ड्रायव्हर अजून सवाऱ्या शोधत होता, त्याच्यावर खेकसले, "अरे हाण की गाडी!"

बांधावर आले तेव्हा शेडातली कलकल ऐकू आली, पण लई पातळ. तशीच शेडाकडं पळाले.

दार उघडंच होतं. जाळीपलीकडं हलकी कोंबडी भुसा उकरत होती. अलीकडं जड कोंबडी जागोजागी उताणी पडलेली, आणि भांड्यांत अजून दाणे उरलेले. मधोमध आत्या बसलेल्या, घामानं निथळत. मांडीवर एकच कोंबडं, चोच वासून धापा टाकणारं. एका हातानं त्याला सुपानं वारा घालत होत्या आणि दुसऱ्या हातानं त्याच्या चोचीत दाणे घालत होत्या.

"आत्या, नका!" मी किंचाळले आणि त्यांचा हात धरला.

"अगं, बाकीची पोटभर खाऊन तरी गेली," त्या रडत रडत म्हणाल्या. "हे एकटं उपाशी जाईल."