गांधीलमाश्या गेल्या, भोक राहिलं

सोमवार, १३ ऑक्टोबर. हजर: मी, आमचे हे, सासूबाई आणि शेजारचे मिस्त्रीचाचा. गैरहजर: माझी लेक, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. तिला सातवा सरत आलेला. गुरुवारच्या गाडीने ती बाळंतपणासाठी नांदुऱ्याला उतरणार होती, आणि तिच्यासाठी धुऊन-पुसून ठेवलेल्या खोलीच्या भिंतीत गांधीलमाश्यांनी पोळं केलं होतं.

भोक आमचंच. कूलर दुसऱ्या खोलीत हलवला, तेव्हा त्याच्या पाइपाचं भोक बुजवायचं राहून गेलं. मी आठवण करून करून थकले. शेवटी शनिवारी यांनी काय केलं, तर भर दुपारी त्यात काठी खुपसली. डोळ्याखाली डंख बसला आणि अर्धा चेहरा पुरीसारखा फुगला. धडधाकट माणसाची ही गत, तर पोटुश्या पोरीचं आणि पुढे तान्ह्या बाळाचं काय?

मग सूत्रं मी हातात घेतली. रविवारी अंधार पडल्यावर, माश्या आत बसल्या असताना चाचांनी औषध फवारलं. सोमवारी सकाळी तारेने पोळं ओढून काढलं. सगळं ठरल्याप्रमाणे. चाचांनी घमेल्यात सिमेंट कालवलं, थापी उचलली, तोच सासूबाई बाहेर आल्या.

"काय करून राह्यले बापा?"

"भोक बुजवून राह्यलो, मावशी."

"पोरगी पोटुशी हाय ना? घरात गरवार बाई असली का भितीले हात लावत नसतात. ती मोकळी झाली का बुजवा."

"आई, ती अजून घरात आलीसुद्धा नाही," मी म्हणाले.

"येऊन राह्यली ना? तुह्या सिमेंटाले एवढी कायची घाई हाय?"

मी चाचांकडे पाहिलं. थापी खाली ठेवलेली. "भाभी, आमच्यातबी असंच मानतात. मी नाही हात लावत."

यांच्याकडे बघण्यात अर्थच नव्हता. उघड्या असलेल्या एका डोळ्याने ते पोळ्याचं निरीक्षण करत होते.

मी लेकीला फोन लावला. कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी, ती तरी माझ्या बाजूने बोलेल असं वाटलं. ती म्हणाली, "राहू दे गं आई. उद्या काही कमी-जास्त झालं, तर आयुष्यभर त्या सिमेंटचंच नाव निघेल. तुझ्याही तोंडून आणि माझ्याही."

मी फोन ठेवला. वादावादीत सिमेंट घमेल्यातच आळून आलं. ते चाचांनी खरवडून टाकलं. भोकात मी जुन्या चादरीचा बोळा कोंबला.

गुरुवारी स्टेशनला निघताना पाहिलं, तर दोन माश्या त्या बोळ्याभोवती फिरत होत्या. खिडकी बंद केली, पलंग समोरच्या भिंतीला सरकवला, मच्छरदाणी बांधली. लेक आता तिथेच झोपते, आणि मी रोज सकाळी आधी त्या बोळ्याकडे बघते, मग चहा ठेवते.

लेकीसाठी केलेल्या यादीतली बाकी सगळी कामं खोडून झाली. 'भोक बुजवणे' तेवढं उरलं आहे. त्याच्यापुढे मी डॉक्टरांनी दिलेली तारीख लिहून ठेवली आहे.