तात्यांची तेल पिणारी गाडी

नरसिंहपूरच्या भगवानतात्यांची मोटारसायकल त्या सकाळी आमच्या वर्कशॉपला टेम्पोतून आली. शटर नुकतंच वर गेलं होतं. तात्या मागच्या हौद्यात गाडीला धरून उभे होते. त्यांनी गाडी खाली उतरवून घेतली. मग माझ्या काउंटरसमोर आले.

"तिसरी बारी हाय ही," ते म्हणाले. "गाडी तेल पिती म्हणून दोनदा सांगून झालं. काल तिनं आमाला रस्त्यात सोडलं. आता काय करायचं ते लिहून द्या."

मी इंदापुरात एका दुचाकी शोरूमच्या सर्व्हिस विभागात सुपरवायझर आहे. आमचं मुख्य वर्कशॉप बारामतीला, ही शाखा. रागावलेला कस्टमर हा आमच्या रोजच्या कामाचाच भाग. पण तात्या आवाज चढवणारे नव्हते, आणि त्या दिवशीही चढवला नाही. त्यामुळे मला जास्त अवघड झालं.

तात्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी करून रिटायर झालेले. उसाच्या गाड्यांची वजनं करण्यात उमर गेली. त्यांच्या पत्नी शालनकाकू. दोन्ही किडन्या निकामी झाल्यामुळे त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला इंदापूरला आणावं लागतं. एसटीची वेळ डायलिसिसच्या वेळेशी जुळत नाही. म्हणून तात्या त्यांना मोटारसायकलवर आणतात. मागे काकू, मध्ये दुमडलेली गोधडी, हँडलला डब्याची पिशवी.

आदल्या दिवशी नरसिंहपूर सोडून थोडं पुढे आल्यावर गाडीनं निळसर धूर सोडायला सुरुवात केली. ॲक्सिलरेटर दिला तरी ओढेना. मग बंदच पडली. काकू पुलाच्या कठड्यावर बसून राहिल्या. दुधाचा टेम्पो मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत त्यांचं मशीन दुसऱ्या पेशंटला लागलं होतं. संध्याकाळच्या पाळीत त्यांना घेतलं, पण तोपर्यंत दिवसभर धाप. तात्यांनी हे सगळं मला एखादी नोंद वाचून दाखवावी तसं सांगितलं.

आता आधीच्या दोन वेळांचं सांगतो. इंजिनात ऑइल असतं, ते आतल्या फिरणाऱ्या भागांना घासू देत नाही. ते किती आहे हे बघायला एक पट्टी असते, डिपस्टिक. पट्टीवर दोन रेघा. तेल खालच्या रेघेच्या खाली गेलं तर इंजिन जळू शकतं. वरच्या रेघेच्या वर गेलं तर तेही वाईट, पण हे फार जणांना माहीत नसतं. लोकांना वाटतं, तेल जास्त म्हणजे चांगलंच.

तात्यांची तक्रार होती की तेल सारखं कमी होतं, घरी टाकावं लागतं. आमच्याकडे दोन्ही वेळा पट्टी काढली तर तेल वरच्या रेघेच्याही वर. आमचा मेकॅनिक सलीम. त्यानं जास्तीचं तेल काढून लेव्हल बरोबर केली. तात्या बाकावरून बघत होते. दुसऱ्या वेळी ते मला एवढंच म्हणाले, की आम्ही घरनं तेल घालायचं आणि तुम्ही ते काढून घ्यायचं, हा काय हिशेब समजला नाही. तेव्हा मी त्यांना पुन्हा एकदा नीट सांगितलं होतं. गाडी सपाट जागेवर डबल स्टँडला लावायची. इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबायचं. पट्टी पुसायची, आटे न फिरवता नुसती टेकवायची आणि बघायची. तात्यांनी मान डोलावली होती.

मी बारामतीला फोन लावला. आमचे वर्क्स मॅनेजर जगदाळेसाहेब. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, कस्टमर स्वतःच्या मनानं ऑइल ओततोय, जॉब कार्डवर 'कस्टमरचा निष्काळजीपणा' असं लिही, सही घे, वॉरंटीचा विषय संपला. नियमानं ते चुकीचं नव्हतं.

सलीमनं गाडी उघडली. एअर फिल्टर तेलात भिजून काळा झाला होता. जास्तीचं तेल आत घुसळून वर चढलं आणि वाफेच्या नळीतून फिल्टरच्या डब्यात गेलं. गाडी श्वास घेते ती याच फिल्टरमधून. तो बुजला, प्लग काळा पडला, गाडी बंद पडली. खालचा नट काढून तेल भांड्यात सोडलं. या गाडीला लिटरभर तेल लागतं. भांड्यात दीड लिटरच्या आसपास उतरलं. इंजिन सुदैवानं शाबूत होतं.

मी तसं लिहिलेलं जॉब कार्ड तात्यांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं. 'निष्काळजीपणा' या शब्दावर त्यांचं बोट थांबलं.

"मी रोज सकाळी तेल बघून मगच गाडी काढतो," ते म्हणाले. "एक दिवस चुकलेला न्हाय. माझ्या मागं आजारी माणूस बसतं. ह्याला तुमी निष्काळजी म्हनता?"

त्यांनी सही केली नाही. कार्ड माझ्याकडे सरकवलं. मग जरा वेळानं, माझ्याकडे न बघता, म्हणाले की रात्रीपासून काकूंनी एकच धरून ठेवलंय. आठवड्यातून एकदाच जाऊ, दोनदा तुमचे हाल कशाला.

डायलिसिस एकदाच केलं तर काय होतं हे सांगायला डॉक्टर लागत नाही. आमच्या गावात, अंथुर्ण्यात, एक जण तसं करत होता. मी त्या माणसाच्या तेराव्याला जेवून आलोय.

गाडी दुपारपर्यंत तयार झाली, पण मी ती त्यांना दिली नाही. उद्या माझी सुट्टी आहे, मी स्वतः घरी आणून देतो, असं सांगितलं. ते टेम्पोनंच परत गेले. मला एक गोष्ट सुटत नव्हती. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आणि आमची पट्टीही खोटं बोलत नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी त्यांची गाडी चालवत नरसिंहपूरला गेलो. घर मळ्यात, पुढे शेणानं सारवलेलं अंगण. काकू ओट्यावर खाटेवर बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी पाण्याची बाटली, तिच्यावर पेनानं रेघ मारलेली. दिवसात तेवढंच पाणी प्यायचं, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद.

चहा झाल्यावर मी तात्यांना म्हटलं, "तुम्ही रोज कसं बघता ते मला करून दाखवा."

त्यांनी अंगणात गाडीची एक चक्कर मारली, दाराशी आणली, बंद केली आणि साईड स्टँडला लावली. खिशातून फडकं काढलं, पट्टी काढून पुसली, आत टेकवली, बाहेर काढून माझ्यापुढं धरली. पट्टीचं टोकही जेमतेम भिजलं होतं. "बघा," ते म्हणाले. "काल तुमी पुरं केलं, आज कमी."

मी गाडी घेतली, डबल स्टँडला लावली आणि थांबलो. मग पट्टी टेकवली. तेल दोन रेघांच्या बरोबर मध्ये.

या गाडीत पट्टी इंजिनाच्या उजव्या अंगाला आहे. साईड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, तेलही डावीकडे सरतं आणि पट्टीला कमी लागतं. त्यात चालू इंजिन बंद केल्या केल्या पाहिलं तर वर गेलेलं तेल अजून खाली उतरलेलं नसतं. तात्या रोज कमी बघत होते आणि रोज थोडं टाकत होते.

ज्यानं सारी उमर काट्यावर काढली त्याला यापुढे सांगायची गरज नव्हती. काटा तिरका असेल तर वजन चुकतं. तात्यांचा चेहरा उतरला. मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं. पण बोलून गेलो, "तात्या, डबल स्टँडचं मी दोनदा सांगितलं होतं तुम्हाला."

ते तांब्या घेऊन आत गेले.

खाटेवरून काकू हळू आवाजात म्हणाल्या, "त्येंला गाडी उचलत न्हाय, बाळा. मागल्या साली मी न्हाणीत पडले. मला उचलताना त्येंचा उजवा खांदा गेला. गाडी चालीवत्यात, पण डबल ष्टांडला चढवता येत न्हाय. लेकीला कळलं तर ती गाडीच बंद करंल, म्हणून कुणाला सांगत न्हाईत."

मला काउंटरवरची त्यांचं ते मान डोलावणं आठवलं. आजूबाजूला चार तरुण कस्टमर उभे होते, सलीम होता. तिथं त्यांनी काय सांगायला हवं होतं?

तात्या बाहेर आले तेव्हा मी तो विषय काढला नाही. म्हटलं, दुसरी एक पद्धत आहे, पण तिला दोन माणसं लागतात. रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी, चालू करायच्या आधीच बघायचं, म्हणजे तेल खाली उतरलेलं असतं. तात्यांना गाडीवर बसवलं. दोन्ही पाय जमिनीला टेकवून गाडी सरळ उभी धरायची. काकूंसाठी उजव्या बाजूला बुटकं स्टूल ठेवलं. पट्टी कशी काढायची, कशी टेकवायची, ते त्यांना दाखवलं.

काकूंनी पदरानं हात पुसले. पट्टी घातली, काढायच्या आधी वर बघितलं आणि तात्यांना म्हणाल्या, "तुमी डावीकडं कललाय. नीट बसा." तात्या नीट बसले. काकूंनी पट्टी डोळ्यांजवळ नेली.

"मधी हाय. दोन्ही रेघांच्या मधी."

मग म्हणाल्या, "आन वरच्या रेघंच्या वर गेलं की हिला धाप लागती, व्हय?"

"हो," मी म्हटलं.

"मग मला नका सांगू. वरची रेघ मला ठावं हाय."

तात्या गाडीवर बसूनच हसले. त्या दिवसात पहिल्यांदाच. निघताना मी काकूंना विचारलं, आठवड्यातून एकदाच जायचं काय झालं? त्या म्हणाल्या, "आता गाडी मीच बघणार हाय न्हवं. जाऊ दोनदा."

सोमवारी जगदाळेसाहेबांचा फोन आला. सही झाली का? मी म्हटलं, नाही, आणि घडलेलं सांगितलं. ते म्हणाले, ते सगळं ठीक आहे, पण कार्डावर कारणाच्या रकान्यात काहीतरी लिहावं लागेल. कुणाची चूक लिहायची? मी म्हटलं, माझी. जे जमणार नाही ते करायला सांगितलं आणि जमतं का ते विचारलं नाही. शेवटी साहेबांनी रकान्यात 'कस्टमरला पुन्हा माहिती दिली' एवढंच लिहायला लावलं आणि बसवलेल्या नव्या फिल्टरचा खर्च शोरूमच्या खात्यात टाकायची परवानगी दिली. वॉरंटीत ते बसत नव्हतंच.

पुढच्या सर्व्हिसिंगला दोघं डायलिसिसवरून परस्पर आले. काकू थकलेल्या होत्या, पण बाकावर बसायला तयार नव्हत्या. सलीमच्या शेजारी खुर्ची मागून घेतली. सलीमनं घाईत पट्टी टाकली आणि आटे फिरवून घट्ट केली. काकू म्हणाल्या, "फिरवू नगा. नुसती टेकवा. फिरवली की आत जाती आन तेल जास्त दिसतं." सलीमनं माझ्याकडे बघितलं. मी जॉब कार्ड भरत राहिलो. त्यानं पट्टी काढली, पुसली आणि पुन्हा नीट टेकवली.

गाडीनं त्यानंतर तेल प्यायलेलं नाही.

आता नवीन गाडी देताना मी ऑइल बघायची पद्धत सांगून झाली की विचारतो, गाडी डबल स्टँडला लावता येते ना? आधी सगळे हो म्हणतात. मग मी त्यांना तिथंच लावून दाखवायला सांगतो. त्यात डिलिव्हरीला वेळ जास्त लागतो आणि जगदाळेसाहेबांची त्याबद्दल तक्रार असते.