नानांचं ‘हो जाएगा’

“सोमवारपर्यंत माल निघेल का?” मी विचारलं.

“हो जाएगा, काकू,” गौरी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. सकाळपासून हेच चाललं होतं.

देवासच्या एका कारखान्यात मी एक्सपोर्टचं काम पाहायची. आता रिटायर आहे. परदेशी नोकरीला निघालेल्या मुलांची इंटरव्ह्यूची तयारी करून घेते. गौरी इंदूरहून एमबीए झालेली, मोठी हुशार पोर. हॉलंडच्या एका पंप कंपनीने तिचा इंटरव्ह्यू घेतला, तेव्हा साहेबाने गिऱ्हाईक होऊन मुद्दाम अशक्य तारखेला माल मागितला. हिने लगेच कबूल केला. मग मेल आली: गिऱ्हाइकाला वाईट बातमी तुम्ही देऊ शकाल का, ते पाहायचं आहे, शुक्रवारी पुन्हा बोलू. एवढी एकच संधी उरली होती.

दोष तिचाही नव्हता. तिच्या वडिलांचं, नानांचं, मोटरपंपाच्या पार्ट्सचं दुकान आहे. बागली-खातेगांवचा शेतकरी आला आणि वस्तू नसली, तर नाना म्हणणार, “हो जाएगा भिया, चाय पियो.” चहा संपेपर्यंत शेजारच्या दुकानातून वस्तू हजर. आमच्या माळव्यात गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं म्हणजे दारातून हाकलणं. आई गेल्यापासून गौरी त्याच काउंटरमागे वाढली.

मी तिला लीड टाइम समजावला. म्हणजे ऑर्डर आल्यापासून माल निघेपर्यंत लागणारा वेळ. तुझ्या शब्दावर तिकडचा माणूस पुढच्या चौघांना शब्द देतो, म्हटलं. “म्हणून नाही तर नाही म्हण. पण तिथेच थांबू नकोस. काय जमेल, तेही सांग.”

शुक्रवारी साहेबाने पुन्हा तोच डाव टाकला. सोमवारी जमणार नाही, ती म्हणाली. गुरुवारी अर्धा माल नक्की निघेल. नोकरी मिळाली.

संध्याकाळी नाना मावाबाटी घेऊन तिच्याबरोबर माझ्याकडे आले. मी तोंड गोड केलं. गौरीने मात्र बाटीला हात लावला नाही.

“नाना, मी गेल्यावर एकट्याने जमेल?”

“हो जाएगा, बेटा.”

 तिने तेच पुन्हा विचारलं, अगदी हळू.

नानांनी हातातली बाटी खाली ठेवली. “नाही जमणार,” ते म्हणाले. “दुकान जमेल. घरी गेल्यावर नाही जमणार.” मग म्हणाले, “तू जा. दुकान बंद झालं की रोज फोन कर. तेवढ्यावर जमेल.”

माझे डोळे भरून आले. एक्सपोर्टमध्ये जन्म गेला, पण इतकी सरळ बोलणारी पार्टी मला भेटली नव्हती.

खोट्या होकारापेक्षा खरा नकार बरा. त्यावर पुढचं ठरवता येतं. गौरी आता तिकडे आहे, रोज फोन करते. नाना दुकानात येईल त्याला कौतुकाने सांगतात, “भिया, हमारी बेटी वहाँ ग्राहक को ना बोलती है. और इसकी तनख्वाह मिलती है.”