आत्याचं सोवळं

बाथरूममधला नळ चाळीस मिनिटं चालू होता, आणि मी दारावर लाथ मारली. हात नव्हे, लाथ. राग माझ्या नाकावरच असतो. आत माझी सतरा वर्षांची लेक हात धूत होती आणि तासाभरात तिची बारावीची प्रिलिम सुरू होणार होती.

"आई, तू ओरडलीस ना, आता मला परत पहिल्यापासून मोजावं लागणार!" ती आतून रडत म्हणाली.

तो पेपर बुडाला. बोर्डाची परीक्षा महिन्यावर आली होती.

दादरच्या घरात आम्ही दोघीच. दुसऱ्या दिवशी मी तिला परळला एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे नेलं. तिने तळवे दाखवले. भेगांमधून रक्त येत होतं. डॉक्टर अगदी शांत होत्या आणि त्यांच्या शांतपणाचाच मला संताप येत होता.

"ओसीडी आहे," त्या म्हणाल्या. "लिफ्टचं दार उघडं राहिलं की ती बाई बोलायला लागते ना, 'कृपया दरवाजा बंद कीजिए'? हिच्या मेंदूत दार लागलेलं असतं, तरी ती बाई गप्प बसत नाही."

मग त्यांनी कागदावर मेंदू काढला. कपाळामागच्या भागातून आत खोलवर जाणारी आणि फिरून परत येणारी एक वाट दाखवली. काळजीचा इशारा या वाटेवर घुमत राहतो, 'झालं, पुरे' हा निरोप पोचतच नाही. सेरोटोनिन नावाच्या रसायनाचाही यात हात असावा, कारण त्यावर काम करणाऱ्या गोळ्यांनी पुष्कळांना आराम पडतो. सगळं कोडं सुटलेलं नाही, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. गोळी घ्यायची आणि जोडीला थेरपी.

"घरात आणखी कुणाला असं काही आहे का? बऱ्याचदा हे घराण्यात असतं."

"छे! आमच्याकडे असलं काही नाही," मी ठणकावून सांगितलं.

त्या एका वाक्याने माझा घात केला. लेक गोळी घेईना. "कुणालाच नाही, फक्त मला. म्हणजे मीच वेडी ना? गोळी घेतली की शिक्काच बसला." मी ओरडले, हातापाया पडले, लहान मुलाला दाखवावी तशी लालूचही दाखवली. पाच दिवस झाले तरी पाकिटातली एकही गोळी कमी झाली नव्हती. ती आता चमच्यानेच जेवत होती, तेही दोन घास. तिच्या मनगटाची हाडं दिसायला लागली होती. मला फार भीती वाटत होती, आणि भीती वाटली की मी आणखीच चिडते.

त्यात माघी गणपती आला. गिरगावात माझ्या आत्याकडे असतो. आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेली, एकटी राहणारी. तिच्यासारखं कडक सोवळं अख्ख्या गिरगावात कुणाचं नाही, हे आम्ही लहानपणापासून मिरवत आलो होतो. कुणाचा नुसता पदर लागला तरी ती पुन्हा आंघोळ करायची. नैवेद्याला तीन वाजायचे, आम्ही पोरं भुकेने कळवळायचो, आणि मोठी माणसं म्हणायची, बघा, याला म्हणतात निष्ठा.

गोळ्या पर्समध्ये टाकून मी लेकीला ओढतच तिथे नेलं. अडीच वाजले तरी ताट वाढलेलं नव्हतं. आत्या आतल्या मोरीत होती. पाण्याचा आवाज येत होता, मधे थांबत होता, पुन्हा येत होता. सोबत तिचं पुटपुटणं. ते आम्ही सगळे जन्मभर जप समजत आलो होतो.

लेक मोरीच्या दाराशी जाऊन उभी राहिली. बराच वेळ ऐकत राहिली. वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"आई, आत्याआजी मोजतेय. एकवीसला चुकली की परत एकपासून. माझ्यासारखीच."

डॉक्टरांना मी ठणकावून काय सांगितलं होतं, ते कानात वाजायला लागलं.

आत्या ओल्या हातांनी बाहेर आली. लेकीने आपले तळवे तिच्यापुढे धरले. आत्याने ते पाहिले. मग स्वतःचे पालथे हात उलटे केले. तशाच भेगा, फक्त जुन्या. सोवळ्यातली आत्या कुणाला शिवत नाही. तिने लेकीचे दोन्ही हात हातात घेतले.

"किती वर्षं पूजा करतेय गं मी," ती म्हणाली, "पण देव कधी आठवतच नाही. नुसती भीती वाटते, की काहीतरी राहिलं."

"आत्याआजी, यावर गोळी असते," लेक म्हणाली. "मेंदूचं असतं ते. आपण वेड्या नसतो."

तिने माझ्या पर्समधून पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली आणि आत्याच्या भांड्यातलं पाणी प्यायली.

आत्या ते सगळं बघत होती. मग ती माझ्याकडे वळली.

"अशी गोळी असते, तर मला कुणी कधी डॉक्टरकडे का नाही नेलं?"

"आम्ही सगळे तुझं कौतुक करत बसलो होतो, आत्या," मी म्हणाले.