१९३६ खालचा ठिपका

रफीकभाई गेल्याचा फोन आला तेव्हा मी स्टोअरमध्ये महिनाअखेरचा साठा तपासत होते. त्यांच्या पत्नी शबानाभाभी एवढंच म्हणाल्या, "ताई, गेले ते." मी हातातलं रॅक पूर्ण केलं, सही केली आणि मग खाली बसले. मला कामं क्रमाने लागतात. रडूसुद्धा त्याच्या नंबरावरच आलं. परवा त्यांचा चाळिसावा दिवस झाला. आता लिहायला हरकत नाही.

चाकणच्या ज्या फाउंड्रीत मी आहे, तिथे ते प्रयोगशाळेचे प्रमुख होते. आमच्याकडे परदेशातल्या चेचलेल्या मोटारींचं भंगार वितळवायला येतं आणि त्यात कधीकधी नाणी निघतात, सीटच्या फटीत राहून गेलेली. असंच कॅनडाचं एक वाकडं नाणं त्यांनी उचललं आणि छंद लागला. "गाडी भंगारात गेली, पण नाणं घ्यायला कुणी परत आलं नाही," ते म्हणाले होते. "का आलं नाही, ते आपण विचारायचं नाही, ताई." म्हणाले हसत, पण त्या दिवसापासून मी भंगाराच्या ढिगाकडे जरा जपूनच बघायला लागले.

पुढे टोरोंटोची भाची त्यांना तिथल्या जुन्या सेंट नाण्यांच्या बरण्या पाठवू लागली. निगडीहून कंपनीच्या बसमध्ये आम्ही शेजारी बसायचो. तळवड्याच्या ट्रॅफिकमध्ये माझी शिकवणी व्हायची. एकाच सालाच्या नाण्यांत मण्यांची कड बारीक की जाड, सातचं शेपूट टोकदार की बोथट, असले फरक. सगळ्यांत दुर्मिळ म्हणजे १९३६चा सेंट, सालाखाली बारीक ठिपका असलेला. "नाण्यावरचा राजा वारला. दुसरा गादीवर आला न आला तोच पायउतार झाला. तिसऱ्याचा ठसा वेळेत तयार नव्हता. मग पुढच्या वर्षीची नाणी मेलेल्या राजाच्याच ठशावर पाडली, आणि ओळखू यावीत म्हणून खाली ठिपका दिला." असे सेंट जगात बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे सगळे खोटे, लोकांनी केलेले. म्हणून त्यांचा नियम असा, की भिंग लावलं की नाणं फिरवायचं. खरा ठिपका उठावाचा असतो. उजेड बदलला की त्याची सावली सरकते. कुणीही नाणं दाखवायला आणलं की ते आधी फिरवायचे आणि मग बोलायचे.

एका दुपारी त्यांनी मला प्रयोगशाळेत बोलावलं. दार लावून घेतलं. हातात भिंग आणि एक तांबूस सेंट. "बघा. सालाखाली." मी बघितलं. साल १९३६ होतं. खाली काही नव्हतं.

"मला नाही दिसत."

"तुमचा डोळा स्टोअरचा. नट-बोल्टच्या पलीकडे जाईना."

"आणि तुमचा डोळा साठीचा. फिरवून बघितलंत का?"

ते चिडले. "फिरवायचं काय त्यात? ढळढळीत आहे!" नाणं त्यांनी रुमालात गुंडाळलं. आयुष्यभर दुसऱ्यांची नाणी फिरवणारा माणूस, आपलं एक फिरवायला तयार नव्हता... फिरवलं असतं तर कदाचित हातातून गेलं असतं, ही भीती असावी. पुढचे काही आठवडे ते फार खुशीत होते. मला का कोण जाणे, ती खुशी बघवत नव्हती.

मग दुसऱ्या सेंटवर ठिपका सापडला. मग तिसऱ्यावर. तिसऱ्याची बातमी त्यांनी बसमध्ये दिली, पण आवाजात आनंद नव्हता. मी म्हटलं, "रफीकभाई, जगात बोटांवर मोजण्याइतकी असलेली वस्तू तुमच्या एकाच बरणीत तीनदा?" त्यांनी खिशातून भिंग काढून उजव्या डोळ्याला लावलं, डावा मिटला आणि माझ्यासमोर पहिल्यांदा आपलं नाणं फिरवलं. साल कलतं झालं, आडवं झालं, पार उलटं झालं. त्यांचा अंगठा थांबला.

"ताई... हा फिरत नाही."

"म्हणजे?"

"नाणं फिरतंय. ठिपका जागेवरच आहे."

त्यांनी भिंग खाली घेतलं आणि तसाच एक डोळा मिटून बसच्या पांढऱ्या छताकडे बघितलं. बराच वेळ.  ठिपका तिथेही होता, हे त्यांच्या चेहऱ्यावरच दिसलं. एरवी दोन्ही डोळ्यांनी बघताना डावा उजव्याची उणीव भरून काढत होता. भिंग मात्र एकाच डोळ्याचं.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथून मोठ्या दवाखान्यात. उजव्या डोळ्याच्या आत गाठ होती आणि तोवर ती यकृतात पोचली होती. डॉक्टरांना भाभींनी विचारलं, लवकर आलो असतो तर? ते म्हणाले, सांगता येत नाही. रफीकभाईंनी तेवढ्यात माझ्याकडे बघितलं. पहिल्या नाण्याची ती दुपार आम्हा दोघांनाही आठवली होती.

शेवटच्या महिन्यांत त्यांना एक सवय जडली. कुठल्याही खोलीत शिरले की आधी एक डोळा मिटून पांढरी भिंत बघायची. ठिपका वाढत होता. "आता रुपयाएवढा," म्हणायचे. मग, "आता माणसाएवढा. तुम्ही त्याच्या आत बसला आहात, ताई." त्यानंतर त्यांनी आकार सांगणं सोडलं.

भाभींनी भिंग आणि तो पहिला सेंट मला दिला. स्टोअरच्या टेबलावर ठेवला आहे. काम संपल्यावर रोज एकदा बघते. साल आहे, खाली काही नाही. तरी नाणं पूर्ण फिरवते. मग भिंग ठेवून समोरच्या भिंतीकडे बघते, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्याने. हल्ली शबानाभाभीही बघतात. परवा चाळिसाव्याला त्यांच्या घरी मी पाहिलं, फातेहाची प्रार्थना झाल्यावर पाहुणे उठले, आणि भाभी रिकाम्या भिंतीसमोर एक डोळा हाताने झाकून उभ्या होत्या. मी हाक मारली.

त्या वळल्या नाहीत. "थांबा, ताई," म्हणाल्या. "अजून दुसरा राहिलाय."