यात्रेकरूंच्या गोळ्या आणि माझं हृदय

"माताजी, ये दवा किसने लिखी थी?" ईसीजीची पट्टी हातात धरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. कुणी लिहून दिली असती तर सांगणार ना!

काशीत बालाजी घाटाजवळ आमचं घर. हे तीर्थोपाध्याय होते, त्यामुळे महाराष्ट्रातले यात्रेकरू आमच्याकडेच उतरतात. लोक काशीत येऊन आवडतं फळ सोडतात. आमच्याकडे उरलेल्या गोळ्याही सोडून जातात. चांगली औषधं टाकायची कशाला, म्हणून मी त्या डब्यात भरून ठेवते. ह्यांनी जन्मभर त्यातल्याच घेतल्या, कधी काही झालं नाही.

त्या आठवड्यात मला जुलाब, उलट्या. त्यात एकादशी आली, तीही केली. डब्यातली एक अँटिबायोटिक घेतली, एक उलटीची. तिसऱ्या दिवशी सकाळी छातीत धडधड सुरू झाली आणि ओट्यापाशीच कोसळले. माडीवर साताऱ्याचं जोडपं उतरलं होतं, त्यांनी भांडं पडल्याचा आवाज ऐकून मला इस्पितळात नेलं, म्हणून वाचले. नाहीतर कुणाला कळणार होतं?

डॉक्टरीणबाईंनी समजावलं ते सांगते, कारण हे आपल्याला कुणी सांगत नाही. क्यूटी इंटरव्हल म्हणजे ठोक्याची वीज हृदयात पसरायला लागल्यापासून हृदय पुढच्या ठोक्याला तयार होईपर्यंतचा वेळ. बायकांमध्ये तो मुळातच पुरुषांपेक्षा थोडा लांब असतो. माझ्या त्या दोन गोळ्यांसारखी काही औषधं तो आणखी लांबवतात. जुलाबांनी पोटॅशियम, म्हणजे रक्तातला एक क्षार, कमी झाला की धोका वाढतो आणि ठोके भलतेच धावू लागतात. "पति को कुछ नहीं हुआ, इसका मतलब ये नहीं कि आपको भी नहीं होगा," त्या म्हणाल्या.

तीन दिवस छातीला तारा, हाताला सलाईन. शेजारच्या खाटांवर डबे येत, सुना केस विंचरून देत. मी मशीनच्या पडद्यावरची रेघ बघत पडून असायची. हे गेल्यापासून मराठीत बोलायचं ते यात्रेकरूंशी, नाहीतर देवाशी. वॉर्डात तर तोंडातून "आई गं" निघालं तेवढंच मराठी. फार एकटं वाटलं, खोटं कशाला सांगू?

नागपूरला लेक आहे. तिचा रोज फोन यायचा आणि मी रोज सांगायचे, "मजेत आहे गं." खरं सांगितलं तर ती मला इथून उचलून नेईल आणि घराला कुलूप लागेल, ही भीती.

घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी क्यूटी वाढवणाऱ्या औषधांची यादी दिली. प्रत्येक डॉक्टरला आधी ती दाखवायची. मग विचारलं, "बेटी है? कभी-कभी ये परिवार में भी होता है. उसका ईसीजी ज़रूर करवाइए."

आता आली का पंचाईत! माझं लपवलं असतं, तिचा जीव कसा लपवू? तिथेच खाटेवर बसून फोन लावला. पडले ते, गोळ्या, तारा, सगळं सांगितलं. म्हटलं, "मजेत नाहीये मी. एकटी आहे आणि मला भीती वाटते."

मला वाटलं, आता ओरडणार.

"आई," ती हळूच म्हणाली, "मीपण दोनदा चक्कर येऊन पडलेय. तू तिथे एकटी, काळजी करशील म्हणून सांगितलं नाही."