वर्तुळाची वाटी

कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडच्या पलीकडे, पत्र्याच्या दोन खोल्या होत्या. एकीत कुत्री, दुसरीत मांजरं, आणि दोन्हीकडे मावशी. मावशींना स्वतःचं नाव होतं, पण ते तात्पुरत्या कामगारांच्या हजेरीपटावरच राहिलं. दर अकरा महिन्यांनी त्यांना कामावरून कमी करायचे आणि चार दिवसांनी पुन्हा घ्यायचे, म्हणजे कायम करण्याची भानगड नको. त्या चार दिवसांतही जनावरांना खायला मावशीच घालायच्या. भूक काही अकरा महिन्यांच्या हिशोबाने लागत नाही. असं अठरा वर्षं चाललं.

या खोल्या ज्यांच्या विभागाच्या, त्या सरांचा विषय एकच होता: कुत्रा शहाणा की मांजर? माणसं हा वाद चहा पिता पिता घालतात आणि कप धुवायच्या आत विसरतात. सरांनी त्यावर आयुष्य काढलं. प्रयोग साधा होता. दोन वाट्या पालथ्या घालायच्या, एकीवर वर्तुळ रंगवलेलं, दुसरीवर त्रिकोण. खाऊ नेहमी वर्तुळाखाली. वास घेऊन ओळखू नये म्हणून दोन्ही वाट्यांना आतून मटणाचं पाणी चोळायचं. दर वेळी वाट्यांच्या जागा बदलायच्या, त्यांच्या मागे उभं राहायचं आणि जनावराला सोडायचं. हे सगळं मावशी करायच्या. सर काचेपलीकडे वही घेऊन बसायचे, कारण मांजराच्या केसाने त्यांना शिंका यायच्या.

कुत्री दहातून आठ वेळा वर्तुळाकडे जायची. ठिपक्या नावाचा म्हातारा कुत्रा तर नऊ वेळा. मांजरांचं मात्र काही खरं नव्हतं. बाईसाहेब नावाची एक करडी मांजरी होती, ती टेबलापाशी यायची, दोन्ही वाट्यांकडे पाठ करून बसायची आणि निवांत तोंड धुवायला घ्यायची. सर काचेवर टकटक करून हाक मारायचे. तिचा एक कान तेवढा मागे वळायचा. सर वहीत लिहायचे, ‘प्रतिसाद नाही.’

“ऐकू येतं हो तिला,” मावशी म्हणायच्या.

“ऐकू येतं, पण समजत नाही, मावशी. हाच तर फरक आहे.”

घरी मावशींची लेक हे ऐकून तोंडावर हात ठेवून हसायची. ती शिवणाच्या कारखान्यात बटणं लावायची आणि तिची जीभ सुईपेक्षा धारदार होती. “आई, ती मांजर खरी शहाणी. तू बस कुत्र्यांसारखी शेपूट हलवत. अठरा वर्षं वर्तुळाकडे पळतेयस, वाटीखाली काही निघालंय का अजून?”

“सर करणार आहेत कायम. अभ्यास पुरा झाला की.”

“हो, आणि मी कारखान्याची मालकीण होणार आहे.”

मावशींना राग यायचा, कारण लेक चुकीचं बोलत नव्हती. पण कायम झालं तर म्हातारपणी या पोरीच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही, एवढी एकच आस त्यांनी धरून ठेवली होती. ती सोडली तर अठरा वर्षं निव्वळ घाण काढल्यासारखं झालं असतं.

मग त्यांच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “महिनाभर काळा चष्मा काढायचा नाही, धुळीत जायचं नाही, जनावरांजवळ तर अजिबात नाही.” आठव्या दिवशी सरांचा निरोप आला. बाहेरून समिती येणार होती. ती खूश झाली तर विभागाला इमारत मिळणार होती, पुस्तक निघणार होतं, आणि एक कायमची जागाही. मावशी काळा चष्मा लावून कामावर हजर झाल्या.

त्या दिवशीच्या सरावात कुत्री नापास झाली. दहातून पाच, दहातून चार. ठिपक्या वाट्यांकडे बघेचना. तो मावशींच्या तोंडाकडे मान वाकडी करकरून बघत राहिला आणि शेवटी कुंई करून खाली बसला. मांजरांचं नेहमीप्रमाणेच.

मावशी वाटी हातात धरून उभ्या राहिल्या आणि सगळं त्यांच्या लक्षात आलं. खाऊ कुठे आहे ते त्यांना ठाऊक असायचं. कुत्रं सुटलं की त्यांचे डोळे आपसूक त्या वाटीकडे जायचे, कारण ते जिंकावं असं त्यांना मनापासून वाटायचं. कुत्र्यांना वर्तुळ कधी दिसलंच नव्हतं. ती अठरा वर्षं मावशींचे डोळे वाचत होती.

त्यांनी हे सरांना सांगितलं. अगदी सरळ, काहीही न लपवता. सरांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“मावशी, चष्मा जरा काढा बघू.”

त्यांनी काढला. ठिपक्या दहातून नऊ.

सरांनी वही मिटली. मग म्हणाले, “हे कुणाजवळ बोलू नका. आणि समितीपुढे चष्मा नको. अर्ध्या तासाचा तर प्रश्न आहे. तुमचं कायमचं काम झालंच समजा.”

मावशी हो म्हणाल्या. इथे त्यांची बाजू घेण्यात अर्थ नाही. खोटं आहे हे त्यांना सरांइतकंच कळत होतं, आणि त्या त्या खोट्यात राजीखुशीने उभ्या राहिल्या.

समितीत तिघं होते. त्यांतल्या एका बाईंनी पहिल्याच मिनिटाला विचारलं, “वाट्या ठेवणाऱ्या माणसाकडून जनावराला इशारा जात नसेल कशावरून?”

सर हसले. चार हात अंतरावर मावशी वाटी धरून उभ्या होत्या. त्यांच्याकडे बोट करून ते म्हणाले, “या आमच्या मावशी. यांना प्रयोगातलं काहीही कळत नाही. वर्तुळ काय नि त्रिकोण काय, त्यांना सगळं सारखंच. त्यामुळे इशारा जायचा प्रश्नच येत नाही.”

बाईंनी मान डोलावली आणि कागदावर काहीतरी लिहून घेतलं.

मावशींच्या अंगाची लाही लाही झाली. मनात आलं, बघावं आता त्रिकोणाकडे, टक लावून. ठिपक्या जाईल मुकाट तिकडे. मग सांगा म्हणावं, कुणाला कळत नाही ते. पण समोर कायमची जागा होती. त्यांनी वर्तुळाकडे बघितलं. ठिपक्या गेला. दहाच्या दहा वेळा. टाळ्या वाजल्या. कुत्र्याने अंग झाडलं तसे केस उडाले, उजव्या डोळ्यात गेले, आणि मावशींनी तो मटणाच्या हाताने चोळला.

चौथ्या दिवशी डोळा सुजून बंद झाला. पंधराव्या दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बजावलं होतं ना तुम्हाला?” उजव्या डोळ्याने दिसणं संपलं.

इमारत मंजूर झाली. जागाही मंजूर झाली. फक्त त्या जागेसाठी वैद्यकीय तपासणी होती आणि एका डोळ्याचं माणूस नियमात बसत नव्हतं. सर म्हणाले, “माझ्या हातात असतं तर...” मावशींनी वाक्य पुरं होण्याची वाट बघितली. ते पुरं झालं नाही. मावशींच्या जागी दुसरी बाई आली, दोन्ही डोळ्यांची.

तीन महिन्यांनी, सुट्टीच्या सकाळी, सर मावशींच्या खोलीवर आले. अठरा वर्षांत पहिल्यांदा. दोरीला धरून ठिपक्यालाही आणलं होतं. नवी बाई वाट्या ठेवताना खिडकीबाहेर बघायची. तिला कोण जिंकतं याच्याशी काही देणंघेणं नव्हतं. कुत्री चार-पाचाच्या वर जात नव्हती आणि समिती पुन्हा यायची होती.

“आठवड्यातून दोनच दिवस या, मावशी,” सर उंबऱ्यात उभे राहून म्हणाले. “एक डोळाही पुरेल.”

ठिपक्या दोरी ताणून आत घुसला. त्याने मावशींच्या तोंडाकडे बघितलं, गोंधळला, मग वळसा घालून त्यांच्या डाव्या बाजूला, चांगल्या डोळ्यासमोर येऊन बसला. त्यांना रडूच आलं. जगात त्यांच्याकडे इतकं लक्ष देऊन बघणारा हा एकच प्राणी होता, आणि सरांना ते पक्कं माहीत होतं, म्हणून तर आणला होता. त्यांनी त्याच्या कानामागे खाजवलं. मग दोरी गोळा करून सरांच्या हातात दिली, आत गेल्या, मोरीपाशी बसल्या आणि ओंजळीने तोंड धुवायला लागल्या.

बाहेरून सरांनी हाक मारली. थोडं थांबून पुन्हा मारली. मग दारावर टकटक केली.

लेक कापड दुमडता दुमडता थांबली. “आई, तुला हाक मारतायत.”

“ऐकू आलं,” मावशी म्हणाल्या, आणि पाण्याची आणखी एक ओंजळ भरून घेतली.